वरमाईच्या आधी

टेंभुर्णीत मला नुसतं "नंदा" म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. माझ्यापेक्षा मोठे सगळे गेले. उरलेले नंदाआजी म्हणतात, आणि माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. म्हणू द्या. मालक गेले तेव्हा दोन्ही पोरं लहान होती. शेत मी कसलं, घर मी बांधलं, वाकडं बोलायला आलेल्या भावकीला दारातून मी परत पाठवलं. तोंड तिखट नसतं तर ह्यातलं एकही झालं नसतं.

पण नातीच्या, आकांक्षाच्या लग्नापासून जो तो एकच विचारतो. "नंदाआजी, तुम्ही त्या येशूच्या मागं कशा काय लागल्या?" बाजारात विचारतात, एस्टीत विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसले तर शेजारची बाई विचारते. सांगून सांगून घसा बसला. म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं वाचून घ्यावं. मला परत विचारू नये.

आमच्याकडं कुंकू पुसलेल्या बाईनं लग्नाच्या मांडवात पुढं यायचं नसतं. हळदीला हात लावायचा नाही, नवरीला ओवाळायचं नाही, अक्षदा टाकायच्या त्या मागून. स्वयंपाकाला मात्र ती चालते. पुऱ्या तिच्या हातच्या गोड लागतात. हे मला तोंडावर सांगायची छाती कोणी केली नाही, कारण मी तशी वेळच येऊ दिली नाही. लग्न कोणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी, गाड्या थांबतात तिथं, मी खुर्ची टाकून बसायचे. तिथूनच सगळ्यांना हुकूम. लोक म्हणायचे, आजीचा रुबाब बघा, ती मांडवात जात नाही, मांडव तिच्याकडं येतो. मीही तसंच म्हणायचे.

माझा थोरला भुजंग मोटारसायकल घसरून गेला तेव्हा आकांक्षा शाळेत होती. तिची आई सत्यशीला, माझी थोरली सून, अशी बाई की तिला शिवी दिली तर ती आधी देणाऱ्याला पाणी विचारते. तिला खुर्ची टाकून बसणं कुठलं जमायला? ती सरळ चुलीमागं गेली आणि तिथंच राहिली. गावात कुजबूज सुरू झाली, पांढऱ्या पायाची आहे म्हणून. गावाचं मी काही धरलं नाही. पण एकदा धाकटी सून शीतल फोनवर तिच्या माहेरी हेच बोलताना मी ऐकली. "घरात पांढऱ्या पायाची बाई हाये, माझ्या लेकरावर तिची सावली नको पडायला." दाराच्या ह्या अंगाला मी उभी, त्या अंगाला सत्यशीला उभी, हातात धुतलेले कपडे.

मी शीतलला असं झाडलं की ती दोन दिवस माजघरातून बाहेर आली नाही. सत्यशीलानं मात्र ते कपडे नेऊन दोरीवर वाळत घातले. पुढल्या महिन्यात पोरीच्या शिक्षणाचं कारण काढून तिनं जालन्यात खोली केली आणि एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

एक दिवस धाकटा मुलगा कल्याण माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हा उभा राहिला की समजायचं, गावानं ह्याच्या कानात काहीतरी ओतलं.

"माय, वहिनी दर रविवारी येशूच्या प्रार्थनेला जाऊन राह्यली. लोक म्हणून राह्यले, बाटली म्हणून."

"कोणते लोक?"

"पारावरचे."

"त्या पारावरचे अर्धे संध्याकाळी बाटलीतच पडलेले असतात. त्यांनी कोणाला बाटली म्हणावं?"

कल्याणला मी असं परत पाठवलं, पण मनातून चिडलेच. आमच्या घरची सून, मला न विचारता? दुसऱ्या रविवारी सकाळची एस्टी धरून जालन्याला गेले. ठरवून गेले होते की तिला झिंज्या धरून आणायची.

दवाखान्यातली एक नर्स, साधना सिस्टर, तिच्या घरी ती प्रार्थना व्हायची. छोटं घर, चपला दारात, आत सतरंजी. मी ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात समोरच्या भिंतीवरची तसबीर दिसली. एक दाढीवाला माणूस कमरेला पंचा गुंडाळून खाली बसलाय, पुढं पाण्याचं भांडं, आणि वर बसलेल्या एकाचे पाय धुतोय. बाकीचे गडी रांगेनं बसलेत, आपला नंबर यायची वाट पाहत.

आता आमच्याकडं पाय कोण कोणाचे धुतं? मांडवात मुलीचा बाप जावयाचे धुतो. मुलीची आई वरमाईचे धुते. मला दुसरं काय सुचणार?

"अरे देवा," मी म्हटलं, "एवढे सगळे जावई! बिचाऱ्याला पोरीच पोरी झालेल्या दिसून राह्यल्या."

सगळं घर हसलं. सत्यशीला पदरात तोंड घालून हसली. तिला हसताना पाहून किती दिवस झाले होते ते मला तेव्हा आठवलं, आणि ओरडायचं राहून गेलं.

साधना सिस्टरनं डोळे पुसले. "आजी, ते जावई न्हाईत. ते चेले हायेत. खाली बसलेला त्यांचा गुरू. तोच येशू."

"गुरू खाली अन् चेले वर?"

"हो."

"अन् चेले बसून राह्यले गुमान? एकालाही लाज वाटली न्हाई?"

"एकाला वाटली. तो म्हणला, माझे पाय तुम्हाला धुऊ देणार न्हाई. तर गुरू म्हणला, धुऊ न्हाई दिले तर तुझा माझा संबंध न्हाई."

"मंग?"

"मंग तो म्हणला, नुसते पायच काय, डोकं धुवा, हात धुवा."

"असा लबाड," मी म्हटलं. पण तो लबाड मला आवडला.

येताना एस्टीत माझं डोकं फिरलेलं होतं. जो वर आहे त्यानंच खाली बसायचं, मग वर राहण्यात मजा काय? आयुष्यभर मी कोणापुढं वाकले नाही, म्हणून तर घर राहिलं. आणि हा माणूस वाकतो तरी लोक त्याच्या मागं जातात. बरं, पैशासाठी जातात म्हणावं तर साधना सिस्टरकडं चहासुद्धा अर्धाच कप मिळाला होता. मला काही पटलं नाही. म्हणून पुढल्या रविवारी परत गेले, भांडायला.

मग भांडायलाच जात राहिले. मी प्रश्न टाकायचे, साधना सिस्टर गोष्ट सांगायची. एका विधवेचा एकुलता एक पोरगा मेला, तिरडी वेशीबाहेर निघाली, आणि हा येशू वाटेत आडवा आला. सगळं गाव तिरडीकडं पाहत होतं. ह्यानं आधी त्या मायीकडं पाहिलं. पोरगं उठलं की नाही उठलं ते तुम्ही तुमचं ठरवा. मी तिथंच अडकले. भुजंगच्या वेळेला आमच्या दारात एवढी माणसं जमली होती, त्यातल्या कोणी सत्यशीलाकडं पाहिलं होतं का? सगळे तिचं कुंकू पुसायला कोण येतं त्याची वाट पाहत होते.

तरी मी म्हणेन, गोष्टी चांगल्या असतात, गोष्टींनी कोणी माझ्यासारखीला हलवू शकत नाही. हलले ते नंतर.

चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा शीतल धरली गेली. बोटं अशी आखडली की कप धरता येईना. तिच्या माहेरचे म्हणाले, आमच्याकडंही सगळे पडलेत. मी एकटी कुठं कुठं पुरणार? कल्याणनं वहिनीला फोन केला, आणि सत्यशीला रजा टाकून दुसऱ्या गाडीनं आली. शीतलला अंघोळ घातली, वेणी घातली, तोंडात घास घातला. तेच लेकरू, ज्याच्यावर सावली नको होती, ते दिवसभर हिच्या कडेवर.

मी तिला परसात गाठली. "तुला काय म्हणली होती ती, विसरली काय?"

"न्हाई विसरले, आत्याबाई."

"मंग?"

"येशूनं तर खिळे मारणाऱ्यांना माफ केलं. मला शीतलनं कुठं खिळे मारले?"

आणि गेली पाणी तापवायला. मी तिथंच उभी. भांडणाची ताकद काय असते ते मला कोणी शिकवू नये, पण ही ताकद मी कधी पाहिली नव्हती. ही आमच्या घरात, चुलीमागं, माझ्या नाकाखाली उभी राहिली होती. आणि ती कुठून येते ते पाहायला मग मी भांडण सोडून रविवारी जाऊ लागले. नाव बदललं नाही, देवघरातला खंडोबा हलवला नाही. तिथं कोणी तसं मागितलंही नाही. मी फक्त ऐकायला बसू लागले, आणि मी ऐकायला बसते हीच गावाला मोठी बातमी.

शीतल उठून बसली त्या दिवशी तिनं सत्यशीलाचा हात धरून ठेवला, बराच वेळ सोडला नाही. तेव्हापासून "ताई" शिवाय हाक नाही.

आता लग्नाचं सांगते.

आकांक्षाला अंबडचं स्थळ आलं. मुलगा प्रितम, जालन्यातच बियाण्याच्या कंपनीत कामाला, नीट, बोलायला गोड. त्याची आई चंद्रकलाबाई रीतीरिवाजाला पक्की. वाईट बाई नाही. पण रीत म्हटली की तिचा चेहरा दगडाचा. सुपारी फुटली त्या दिवशी ती म्हणाली, "आमचं बाकी काही मागणं न्हाई. फक्त माझे पाय शीतलबाईनं धुवावेत. मुलीच्या आईनं समजून घ्यावं. शुभकार्य हाये, त्यांनी मांडवात येऊ नये."

माझ्या जिभेवर आलेलं तिथंच सांडलं असतं, पण सत्यशीलानं पदराखालून माझा हात दाबला. घरी आल्यावर म्हणाली, "मी खिडकीतून पाहीन, आत्याबाई. पोरगी सुखात पडली म्हणजे झालं."

पोरगी मात्र त्या दिवशी जेवली नाही. माझ्या खोलीत येऊन पायाशी बसली.

"आजी, तू सगळ्या गावाला बोलती. मम्मीसाठी एकदा बोल ना. मला ती समोर पाहिजे. तिनं एकटीनं मला वाढवलं अन् माझं लगीन तिनं खिडकीतून पाहायचं?"

"लग्नाच्या दिवशी बोलते," मी म्हटलं. "तू चिंता करू नको. माझं बोलणं अजून कोणी परतवलं न्हाई."

लग्न आमच्याच दारात होतं. मांडव मोठा, पंखे लावलेले, बँड जाफराबादचा. मी माझी खुर्ची टाकून मांडवाच्या तोंडाशी बसले. अंबडहून वऱ्हाड आलं, सगळे उतरले, नाचले, मिरवणुकीनं आत गेले. एका जीपमध्ये एक म्हातारी तशीच बसून राहिली. काच अर्धी उघडी, मांडीवर काठी.

"उतरा की, आजीबाई," मी म्हटलं. "कोणाच्या कोण तुम्ही?"

"मी गोदा. नवरदेवाची आजी. मी इथंच बरी हाये."

"नवरदेवाची आजी अन् जीपमधी?"

"आमच्यात न्हाई चालत," ती म्हणाली आणि कपाळावर हात नेला, जिथं काही नव्हतं. "इथून दिसतं सगळं. तुम्हीबी तर बाहेरच बसल्या."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिची जीप आणि माझी खुर्ची, मध्ये हातभर जागा. एवढी वर्षं मी ज्याला रुबाब म्हटलं, ते त्या म्हातारीला एका नजरेत काय दिसलं, ते मलाही दिसलं. मी उठले आणि चपला काढून मांडवात गेले. बायका बाजूला सरकल्या.

आत चंद्रकलाबाई पायघड्यांवरून चालत येऊन पाटावर बसल्या होत्या. पुढं परात, शीतलच्या हातात कोमट पाण्याचा तांब्या. सगळ्यांच्या नजरा तिकडं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "पाय मुलीच्या आईनं धुवायचे असतात. मुलीची आई जित्ती हाये. ती धुईल."

"आजी, हे सुपारीत ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकणं अन् कबूल करणं ह्यात फरक असतो."

"शुभकार्यात असलं पाणी मी पायावर घेणार न्हाई."

"असलं म्हणजे कसलं? आमच्या विहिरीचंच पाणी हाये. तिच्या हातून आलं तर त्याला काय शिंगं फुटतात? अन् तुमच्या पायांना एवढी जर भीती वाटत असंल तर बूट घालून यायचं होतं!"

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं, आणि मी समजले, झालं. बिघडलं. चंद्रकलाबाई पाटावरून उठल्या. चेहरा लालबुंद. "चला रे," त्या म्हणाल्या, "आम्ही काय इथं शिव्या खायला आल्तो?" त्यांचे दीर उठले, मागून आणखी गडी उठले. कल्याण हात जोडत इकडून तिकडं पळू लागला. गुरुजी घड्याळ दाखवू लागले. घराच्या दारात आकांक्षा उभी, मुंडावळ्या बांधलेली, आणि तिच्या डोळ्यात मी पाहिलं की आजीनं माझं लगीन मोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सत्यशीला. हात जोडून मला नाही-नाही म्हणत होती.

ज्या तोंडानं मी सगळं मिळवलं, ते तोंड त्या दिवशी फुकट गेलं. आणखी एक शब्द बोलले असते तर वऱ्हाड परत गेलं असतं. जिभेवर शब्द होताही, चांगला धारदार. तो मी गिळला. उभ्या जन्मात आपणहून गिळलेला पहिला.

मी सरळ चुलीकडं गेले. सत्यशीलाचा हात धरला आणि ओढत मांडवात आणली. ती म्हणत होती, "आत्याबाई, नका, मोडंल सगळं, नका." पाट रिकामा होता, वरमाई उठलेली होती. मी सत्यशीलाला खांद्याला धरून त्या पाटावर बसवली. आणि परातीपुढं खाली बसले.

खाली बसणं माझ्या गुडघ्यांना माहीत नाही. दोन्ही कडकडले, ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं असणार.

"आत्याबाई! मला पाप लागंल. तुम्ही माझे पाय…"

"धुऊ न्हाई दिले तर तुझा माझा संबंध तुटला," मी म्हटलं. हळूच म्हटलं, तिला एकटीला ऐकू जाईल असं. तिनं पाय परातीत ठेवले.

"शीतल, ओत."

शीतलनं पाणी ओतलं. मी ते पाय हातात घेतले. दवाखान्याच्या फरशीवर उभं राहून टाचा फुटलेल्या. बोटांवर जोडव्यांची खूण अजून होती. माझ्या लेकानं घातलेल्या जोडव्यांची. मी सावकाश धुतले, आधी उजवा, मग डावा, आणि टॉवेल मागितला नाही, माझ्या पदरानं पुसले.

बँडवालेसुद्धा वाद्यं खाली ठेवून पाहत होते.

मग शीतलनं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर सत्यशीलाच्या पायावर डोकं टेकवलं. "मी हिला पांढऱ्या पायाची म्हणले होते," ती म्हणाली, रडत, मोठ्यानं. "हिनं मला हातानं भरवलं."

मी चंद्रकलाबाईंकडं वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडं खालून वर पाहत होते. "विहीणबाई, माझं बोलणं जास्त झालं, ते मी परत घेते. पण हे पाय धुतले ते मी परत घेणार न्हाई. ह्या घरात सगळ्यात मोठी मी. माझ्यापेक्षा मोठं काम हिनं केलंय. तुमचा मान हिच्याच हातून होईल. नको असंल तर तुम्ही म्हणाल तसं, पण तुम्हाला आमची सोन्यासारखी पोरगी हवी, अन् ती जिनं वाढवली तिचेच हात नको म्हणताय, एवढं फक्त बघा."

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी काठीचा आवाज झाला. टक, टक. गोदाआजी जीपमधून उतरून पायघड्यांवरून चालत येत होती. वरमाईसाठी घातलेल्या पायघड्या.

"आत्याबाई, तुम्ही कशाला उतरल्या?" चंद्रकलाबाई धावल्या.

"सकाळपासून बसून राह्यले, चंद्रकला. पाय आखडले," म्हातारी म्हणाली. "घरी नातवाला हळद लागली ती मी दाराआडून पाह्यली. तुझ्या लग्नात मी मांडवात होते, तुझा सासरा होता तेव्हा. तुला मीच ओवाळली होती. ते हात आता काय झाले गं? तेच तर हायेत." आणि तिनं दोन्ही हात पुढं केले, उताणे, काठी काखेत धरून.

चंद्रकलाबाई त्या हातांकडं पाहत राहिल्या. दगडाचा चेहरा होता, तो कसा हलला ते मी खालून पाहिलं, मला सगळ्यात आधी दिसलं. स्टेजवरून प्रितम उतरून आला, फेटा सावरत, आणि आजीला हाताला धरून पहिल्या खुर्चीत बसवलं. मग आईकडं वळून एवढंच म्हणाला, "मम्मी, आजी इथंच बसंल."

"बसू दे," चंद्रकलाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून पाटाजवळ आल्या. सत्यशीला घाईनं उठली. विहीण पाटावर बसली, साडी नीट केली, पाय परातीत ठेवले. "धुवा, सत्यशीलाबाई. पाणी गार होऊन राह्यलं."

सत्यशीलानं धुतले. कसे धुतले ते तिथं होते त्यांना विचारा. धुऊन झाल्यावर चंद्रकलाबाईंनी तिचे ओले हातच हातात धरले आणि तशाच बसून राहिल्या.

"आता मला उठवा कोणीतरी," मी म्हटलं, "गुडघे बसले ते उठंनात."

पूर्ण मांडव हसला. विहीणबाईंनी एका बाजूनं धरलं, शीतलनं दुसऱ्या. चंद्रकलाबाई कानाशी म्हणाल्या, "उठा आजी, का सगळ्या गावाचे पाय धुणार?"

"आणा की. कोणाकोणाचे हायेत?"

मग माझं तोंड माझं मला परत मिळालं. मी स्वयंपाकाकडं वळून ओरडले, "अगं, चुलीमागं दडल्या तेवढ्या सगळ्या बाहेर या! पुऱ्या जळाल्या तर जळू द्या! ज्यांच्या कपाळाला कुंकू न्हाई त्यांनी पुढं बसायचं, ज्यांच्या हाये त्यांनी सरकून जागा द्यायची!" आधी कोणी हललं नाही. मग एक आली, हात पिठाचे तसेच. मग दुसरी. मग मांडवाच्या मागून, शेजारच्या ओट्यावरून, पाण्याच्या टाकीआडून, कुठून कुठून बायका निघाल्या. एवढ्या आहेत हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. कधी कोणी एका जागी पाहिल्याच नव्हत्या. काही वऱ्हाडातल्याही होत्या, टेम्पोत बसलेल्या. त्या एकमेकींचा हात धरून आल्या.

गुरुजींना मुहूर्त गाठायचा होता. कन्यादानाला कोण बसणार म्हणून कल्याण आणि शीतल पुढं झाले, तर शीतलच म्हणाली, "ताई बसतील." गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बसा बाई, शेजारी मालकांच्या जागी सुपारी मांडतो, चालतं तसं." एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं म्हणून चालत नव्हतं.

मला विचारता ना, येशूत काय आहे? माझ्यासारखी ताठ बाई त्याच्या मागं का गेली? तर ऐका. पुढारी बघा, पाहुणे बघा, जो तो उंच बसायला भांडतो. मीही भांडले. हा एकटा खाली बसला, आणि खाली बसून तो लहान झाला नाही. मी एकदाच त्याच्यासारखी बसून पाहिलं. तेवढ्यात जे झालं, ते माझ्या तोंडानं उभ्या जन्मात झालं नव्हतं. बाकी शास्त्र साधना सिस्टरला विचारा, तिला येतं.

अंतरपाट धरला. सत्यशीला आकांक्षाच्या मागं उभी, मी सत्यशीलाच्या मागं, माझ्या शेजारी गोदाआजी आणि मागं त्या सगळ्या. पहिलं मंगलाष्टक झालं, "सावधान" म्हटलं, आणि आमच्या बाजूनं अक्षदांचा असा वर्षाव झाला, अशा ओरडल्या सगळ्या, की बँडवाल्याला वाटलं लगीन लागलं. त्यानं मंगलाष्टकं राहिलेली असतानाच जोरात वाजवायला सुरुवात केली. गुरुजी हात हलवून थांबवू लागले, कल्याण बँडकडं धावला.

"राहू दे रे," मी म्हटलं. "वाजू दे."